दाखला हवा, पण कोणता?



ऊसबिल हाती आले, की पुष्कळ घरांत पहिला खर्च निघतो तो पोराच्या कोर्सच्या फीचा. "सर्टिफिकेट झाले की नोकरी पक्की," असे क्लासवाले छातीठोक सांगतात. आम्हांला ते तितकेसे पटत नाही.

दाखले सगळे सारखे नसतात. बॉयलरचेच घ्या. सक्षमतेचा सरकारी दाखला असल्याशिवाय बॉयलर कोणाच्या ताब्यात देता येत नाही. तिथे कागदाला मोल आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे शिक्षणही साखर धंद्यात चालते. पण पॅनवर उभे राहून दोन बोटांत पाकाची तार पाहता येत नसेल, तर भिंतीवरची फ्रेम काय कामाची?

तेव्हा फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. दाखला देतो कोण? तो लागतो कोणत्या कामाला? आणि यंत्रावर हात बसवतात, की नुसत्या वह्या भरतात? आयटीआय झालेल्या मुलामुलींनी १९६१ च्या कायद्याप्रमाणे उमेदवारी जरूर करावी. तिथे फी नाही, उलट विद्यावेतन मिळते आणि शेवटी दाखलाही.

बेणे आपण डोळा पाहून घेतो. कोर्सही तसाच पारखून घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.