वेग नव्हे, जोड महत्त्वाची

‘इस्रो’ने १६ जानेवारी २०२५ रोजी प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले. असे ‘डॉकिंग’ साधणारा भारत हा अमेरिका, रशिया आणि चीननंतरचा चौथा देश. अभिमान वाटावा अशीच ही घटना. पण शहापूर-मुरबाडकडून मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरला त्यातून एक धडाही दिसतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरते. दिवस मावळल्यावर माळशेज घाटाच्या आकाशात कधीकधी ते सरकत्या ठिपक्यासारखे दिसते. त्याला गाठायचे कसे? रस्त्यावर पुढची गाडी गाठायला आपण वेग वाढवतो. कक्षेत तसे केले तर यान वर चढते, त्याची फेरी लांबते आणि ते मागे पडते. म्हणून ते आधी खालच्या कक्षेत राहते. तिथली फेरी लवकर पूर्ण होत असल्याने अंतर कमी होते, मग ते हळूहळू वर येते. शेवटी दोघांचा वेग जवळजवळ सारखा होतो. ‘इस्रो’च्या उपग्रहांनी शेवटचे अंतर सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर या गतीने कापायचे होते.

त्याआधी ठरावीक टप्प्यांवर थांबे होते: पाच किलोमीटर, दीड किलोमीटर, ५००, २२५, १५ आणि तीन मीटर. प्रत्येक थांब्यावर तपासणी, आणि सगळे ठीक असेल तरच पुढे. ७ आणि ९ जानेवारीचे मुहूर्त टळले. १२ जानेवारीला तीन मीटरपर्यंत येऊनही उपग्रह पुन्हा दूर नेले. दोन्हीकडची जोडयंत्रणा एकाच घडणीची होती. आणि टेकले म्हणजे काम संपले, असेही नसते. शुभांशु शुक्ला यांचे यान २६ जून २०२५ रोजी स्थानकाला जोडले गेले, पण हवा गळत नाही याची खात्री होऊन दार उघडायला दीड तासाहून अधिक वेळ गेला.

आता जमिनीवर येऊ. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण येतो. लस सुरू होते, श्वास मंदावू लागतो आणि त्याला व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते. आपली सगळी चर्चा रुग्णवाहिका किती वेळात आली, रस्त्यात किती खड्डे होते, यावर होते. ती हवीच. पण रुग्ण पोहोचल्यावर दंश कधी झाला, लसीच्या किती बाटल्या गेल्या, रक्त गोठण्याच्या वीस मिनिटांच्या चाचणीत काय दिसले, हे सगळे घाबरलेल्या नातेवाइकांना विचारावे लागत असेल, तर रस्त्यावर वाचवलेली मिनिटे दारातच वाया जातात. खाट रिकामी नसेल तर पुन्हा दुसरा प्रवास.

यान थांबू शकते, रुग्ण थांबू शकत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रुग्णाला थांबवा, असे मी म्हणत नाही. गाडी येईपर्यंत आणि वाटेत असताना ही कामे होऊ शकतात. माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात एकाच नमुन्याची रेफर चिठ्ठी हवी. अंतराळ स्थानकाच्या भागीदार देशांनी २०१० मध्ये जोडणीचे सामायिक मानक प्रसिद्ध केले, ते वेगवेगळ्यांनी बनवलेली यानेही एकमेकांना जुळावीत म्हणून. मग एका जिल्ह्यातल्या दवाखान्यांना एक कागद जुळवता येऊ नये? त्याच्या जोडीला डॉक्टरने डॉक्टरला केलेला फोन, खाटेची खात्री आणि रुग्ण ताब्यात घेणाऱ्याची वेळेसह सही. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा खर्चही नाही. लागते ती शिस्त, आणि तीही दोन्ही बाजूंची.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरचा रुग्ण पुढे पाठवला जात असेल, तर दोनच गोष्टी विचारा: चिठ्ठीवर औषधांची वेळ लिहिली आहे का, आणि पुढच्या रुग्णालयात फोन झाला आहे का? घाईतही हे विचारायला संकोच करू नका. डॉक्टरने या प्रश्नांचा राग मानण्याचे काही कारण नाही.