अभय काढून घेण्याचे शास्त्र

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. त्याच्या पायऱ्यांवरून समोर पाहिले की पूर्वतीरावर रुंद वाळूपट्टा दिसतो. 1989 पासून 2020 पर्यंत हे पात्र कायद्याने कासवांचे होते. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटर, गोड्या पाण्यातील कासवांसाठीचे देशातील पहिले अभयारण्य. गंगा कृती योजनेत सारनाथच्या केंद्रात वाढवलेली हजारो पिल्ले येथे सोडली गेली, ती नदीतील प्रेतांचे अवशेष खातील म्हणून. प्राण्याला सफाईवर नेमून दिलेले ते अभय होते, हेही मान्य करू.

2020 मध्ये ते रद्द झाले. कारण असे की, मानवी वावर इतका वाढला आहे की अभयारण्य टिकू शकत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा युक्तिवाद एकदा तर्काच्या कसोटीवर घासून पाहावा. वावर रोखण्यासाठीच जो कायदा केला, तो वावर रोखला गेला नाही म्हणून मागे घेतला जातो! चूक अंमलबजावणीची, बेदखल मात्र कासव. बदल्यात प्रयागराज–मिर्झापूर–भदोही भागातील सुमारे तीस किलोमीटरचा पट्टा दाखवला जातो. तो हवाच होता. पण एक अधिवास दिल्याने दुसरा मोडण्याचा परवाना मिळत नाही.

दुसरे कारण अधिक शास्त्रीय भासते. वाळूउपसा बंद असल्याने पूर्वतीरी वाळू साठते आणि प्रवाह घाटांवर आदळतो, असे सांगितले गेले. परंतु काशीला गंगा चंद्रकोरीसारखी वळते. वळणाच्या आतल्या काठाशी पाणी मंदावून वाळू बसते, बाहेरच्या काठाशी ते वेगाने घासते. घाट बाहेरच्या काठावर आहेत. अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून नदी हेच करत आली आहे.

खरे निमित्त जलवाहतुकीचे. हल्दिया ते प्रयागराज हा 1620 किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 याच पात्रातून जातो. रामनगरचे मालवाहू बंदर 2018 मध्ये सुरू झाले.

‘शिकारबंदी तर कायम आहे ना?’ असे विचारले जाते. आहे. गंगेतील अनेक कासवांना प्रजाती म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. पण कासव अंडी घालते ती वाळूत, आणि वाळूला प्रजातीचे संरक्षण नसते. ते अभयारण्यानेच मिळत होते. ते गेल्यावर 2021 मध्ये त्याच वाळूत यंत्रांनी पाच किलोमीटरहून लांब कालवा खणला गेला. पावसाळ्यातल्या पुराने तो बुजवला. 2023 च्या जानेवारीत तेथे पर्यटकांसाठी तंबूंचे नगर उभे राहिले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले.

कायद्याच्या कलम 26 अ नुसार अभयारण्याच्या सीमा राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवाचून बदलता येत नाहीत. म्हणजे तज्ज्ञांचे मत हा त्यातला शेवटचा अडसर. पुढच्या वेळी एखादे पात्र, माळरान वा जंगल ‘आता राखण्याजोगे उरले नाही’ असे कोणी सांगेल, तेव्हा ते तसे कोणी होऊ दिले, हा प्रश्न त्याच अहवालात विचारलेला असावा.