रुमाल टाकला, तरी सीट गेली!

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीत; दारातून आत शिरेपर्यंत तिथे भलताच कोणी बसलेला! कम्प्युटरमधली 'रेस कंडिशन' अशीच असते. तपासणी आणि कृती यांच्या मधल्या क्षणात दुसरंच काम घुसतं.

लिनक्स कर्नलमधल्या 'डर्टी काऊ'ने हेच केलं. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साधा युजरही लिहू शकायचा आणि सिस्टिमचा ताबा घ्यायचा. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच, म्हणजे तुमच्या खिशापर्यंत धोका! लिनस टोरवाल्ड्सने २००५मध्ये केलेली दुरुस्ती वेगळ्याच अडचणीमुळे मागे घेतली गेली. पक्का पॅच आला थेट २०१६मध्ये. तोही अपुरा निघाला. २०१७मध्ये पुन्हा डागडुजी!

अशी चूक दर वेळी दिसत नाही, म्हणूनच ती टिकते. तेव्हा अपडेट आलं की 'नंतर' दाबू नका.