सिमेंटचा किल्ला ऐतिहासिक असतो का?

ओसाका किल्ल्याचे फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. पांढऱ्या भिंती, हिरवी छपरं, सोनेरी नक्षी. पण हा मुख्य मनोरा काँक्रीटचा आहे आणि आत चक्क लिफ्ट आहे, हे कळलं की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे नकलीच की!" मला हा निकाल घाईचा वाटतो.

आधी थोडा इतिहास. तोयोतोमी हिदेयोशीने 1583 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. 1615 च्या लढाईत तो पडला आणि मनोरा जळाला. विजयी तोकुगावांनी जुने अवशेष मातीखाली गाडून त्यावर नवा किल्ला उभारला. त्याचाही मनोरा 1665 मध्ये वीज पडून जळाला. पुढे अडीचशेहून जास्त वर्षं दगडी चौथरा रिकामाच होता. आजचा मनोरा 1931 चा, लोकवर्गणीतून बांधलेला.

गंमत म्हणजे चौथरा तोकुगावांचा, पण वरच्या मनोऱ्याचं रूप हिदेयोशीच्या काळातलं, तेही एका जुन्या चित्रावरून घेतलेलं. असा किल्ला पूर्वी कधीच नव्हता. टीकाकारांचा हा मुद्दा मान्य करायलाच हवा.

पण आधीचे दोन्ही मनोरे चाळीस वर्षंसुद्धा टिकले नाहीत. हा 'नकली' मात्र नव्वदी ओलांडून उभा आहे. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांतूनही तो वाचला. 1997 मध्ये जपान सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. शिवाय लिफ्टमुळे पायऱ्या न चढता येणारे आजी-आजोबाही वर जातात, हे काय कमी आहे?

आणि 1931 हासुद्धा इतिहासच ना! तेव्हा किल्ल्याची जागा लष्कराच्या ताब्यात होती. जमलेल्या सुमारे 15 लाख येनपैकी मोठा वाटा लष्करी मुख्यालयाच्या इमारतीवर खर्च झाला. ती इमारत आजही आवारात आहे. तिथे आता दुकानं आणि हॉटेलं चालतात. हिदेयोशीच्या पराक्रमाइतकीच ही गोष्टही पर्यटकाला कळली पाहिजे. ती झाकली, तर मात्र फसवणूक होते.

म्हणून पुन्हा उभारलेली कुठलीही वास्तू पाहताना 'खरी की खोटी' एवढ्यावर थांबू नये. कुणी बांधली, कधी बांधली आणि कुणाच्या पैशाने, हे तीन प्रश्न विचारावेत. ओसाकाच्या मनोऱ्याकडे तिन्हींची उत्तरं आहेत. माझ्या मते तो ऐतिहासिक ठरायला एवढं पुरेसं आहे.