टीसीएलने फ्लोराइड जात नाही

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, हे जुनंच दुखणं. येत्या ग्रामसभेत हे मुद्दे मांडावेत.

१. जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, ओटी टेस्ट (क्लोरीनची चाचणी) घेतो, पाणी पिवळं झालं की काम फत्ते. हगवण, कॉलरा त्याने टळतात. फ्लोराइड जात नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते, फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. रंग, वास, चव, काहीच सांगत नाही.

२. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यावरचं पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्क्या दातांवर पांढरे, मग तपकिरी आडवे पट्टे येतात. घरचे पोराला 'दात नीट घास' म्हणून रागावतात. पट्टे दात हिरडीत घडतानाच पडलेले असतात, ब्रश काय करणार? वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायल्यावर पाळी हाडांची. गुडघे न वाकवता अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, हात मानेमागे जातात का, पाहा. जमलं नाही म्हणजे फ्लोरोसिसच (फ्लोराइडचा आजार) असं नाही, पण 'वय झालं, वात आहे' म्हणून तेल चोळत बसू नये. वाकलेलं हाड औषधाने सरळ होत नाही.

३. विहीर आटली की बोअर, तोही आटला की आणखी खोल बोअर. फ्लोराइड खडकातूनच येतं, आणि खोलवरचं पाणी खडकाशी जास्त काळ मुरलेलं असतं. उथळ विहिरीत ते बहुधा कमी. म्हणून फ्लोराइडचा अहवाल हाती आल्याशिवाय नव्या बोअरवर मोटर बसवू नये, ठेकेदाराचं बिलही काढू नये.

४. फ्लोराइड काढायला आरओ प्लांट येतो, त्याचं उद्घाटन झोकात होतं. मेंब्रेन बदलायला पैसा कुठून, हे मंडपात कोणी विचारत नाही. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी नि चुना, स्वस्त आहे. पण रोज मोजून मात्रा द्यायला माणूस हवा, गाळाची सोय हवी. माझं मत विचाराल तर आधी जुन्या विहिरीचा गाळ काढा, पाणी तपासा आणि ते पिण्या-स्वयंपाकापुरतं राखून ठेवा. धुणीभांडी बोअरवर होऊ द्या.

५. प्रत्येक हातपंपावर फ्लोराइडचा आकडा आणि तपासणीची तारीख रंगवा. नुसता धोक्याचा लाल रंग फासू नका. पिण्याचं पाणी कुठून भरायचं, तेही शेजारीच लिहा.