भोपळ्याचे सार : हलके अन्न, पण कोणासाठी?

परसातील वेलाला तांबडे भोपळे लागले म्हणजे त्यांतील चांगले बाजारात जातात, एखादा शेजारी दिला जातो, आणि उरलेले माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात. घरात भोपळा शिजतो तो बहुधा उपवासाच्या दिवशी, किंवा पाहुणा आला म्हणून घारगे करायचे असतील तेव्हा. एरवी या फळाला मान नाही. परीक्षेत ज्याला काही मिळाले नाही त्याला भोपळा मिळाला, असे आपण म्हणतो. भाषेनेच त्याची किंमत शून्य ठरवून टाकली आहे. गोष्टीतील म्हातारीला मात्र त्याच भोपळ्याने रानातून सुखरूप घरी पोहोचविले, हे आपण विसरतो.

पीक कसे घ्यावे, खत किती द्यावे, कीड कशी आवरावी, याविषयी विस्तार कार्यकर्ता पुष्कळ सांगतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्या काळापासून हे काम चालत आले आहे व ते मोलाचे आहे. परंतु शेतात निघालेली भाजी शेतकऱ्याच्याच ताटात का पोहोचत नाही, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सोडून देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे योग्य नाही. ज्या दिवशी बाजारात आवक वाढून भोपळ्याचा भाव वाहतूक खर्चाइतकाही राहत नाही, त्या दिवशी घरात त्याचे काय करावे हे सांगणे हाही शेतीचाच सल्ला होय.

भोपळ्याचे सार हा त्यातील एक सोपा मार्ग आहे. हॉटेलात यालाच ‘सूप’ म्हणतात आणि वाटीभर सूपाचे चांगले पैसे घेतात. पाकिटातील पूड पाण्यात उकळून होणारे सूपही आता तालुक्याच्या दुकानात मिळते. त्या पुडीत बहुधा पिठूळ द्रव्य व मीठ यांचाच भरणा असतो आणि भाजीचा अंश नावापुरता. ज्याच्या परसात भोपळा पिकतो त्याने असे पाकीट विकत आणावे, यासारखा उलटा व्यवहार नाही.

चार माणसांच्या साराला साल व बिया काढलेला अर्धा किलो तांबडा भोपळा पुरतो. त्याबरोबर मूठभर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, मुगाची डाळ धुऊन घ्यावी. पातेल्यात दोन लहान चमचे तेल किंवा तूप तापवून त्यात जिरे, ठेचलेला लसूण व आल्याचा तुकडा टाकावा. मग एक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. भोपळ्याच्या फोडी व डाळ त्यातच टाकून दोन मिनिटे हलवावे आणि सुमारे एक लिटर पाणी घालून झाकण ठेवावे. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत फोड बोटाने दबते. डाळ शिजली आहे की नाही ते पाहूनच पातेले उतरवावे. नंतर रवीने घुसळावे. यासाठी विजेचे यंत्र लागत नाही. गाळू मात्र नये, कारण चोथा म्हणून जे टाकून द्यावयाचे तेच पोटास उपयोगी आहे. शेवटी अर्धा लहान चमचा मीठ व मिरपूड घालून एक उकळी आणावी आणि खाली उतरविल्यावर लिंबू पिळून कोथिंबीर घालावी.

या कृतीतील तीन गोष्टींना कारण आहे, आणि त्या वगळल्या तर नुसते पिवळे पाणी उरते.

पहिली गोष्ट तेलाची. भोपळ्याचा तांबूस-केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यांसाठी, विशेषतः अंधारात दिसण्यासाठी, आणि रोगाला तोंड देण्यासाठी ते लागते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच ते अंगी लागते. म्हणून ‘हलके’ करावयाचे म्हणून फोडणीच गाळणारी सुगरण सारातील सर्वांत मोलाचा भाग वाया घालविते. दोन चमचे तेल चौघांत वाटले गेले की ते कोणासही जड जात नाही. गर जितका गडद केशरी, तितके हे द्रव्य अधिक. यासाठी बी निवडतानाही गराच्या रंगाकडे पाहावे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का चंदन’ हा वाण दोन ते तीन किलोच्या आटोपशीर फळासाठी व केशरी गरासाठी ओळखला जातो. चार-पाच माणसांच्या घराला हे फळ दहा किलोच्या ढब्ब्या भोपळ्यापेक्षा सोयीचे पडते.

दुसरी गोष्ट शिजविलेल्या पाण्याची. भाजी उकडून पाणी ओतून देण्याची खोड आपल्याकडे अनेक घरांत आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे व क्षार त्या पाण्याबरोबरच मोरीत जातात. सारात पाणी तसेच राहते, हा त्याचा मोठा गुण. क जीवनसत्त्व तेवढे उष्णतेने बरेच नष्ट होते, आणि लिंबू शेवटी, आचेवरून उतरल्यावरच पिळावे असे वर सांगितले आहे ते याचसाठी.

तिसरी गोष्ट डाळीची, आणि येथेच या लेखाचा खरा मुद्दा आहे. भोपळ्याच्या १०० ग्रॅम गरात ९० ग्रॅमहून अधिक पाणीच असते. वर सांगितलेल्या साराच्या एका वाडग्यात, डाळ व तेल धरूनही, सुमारे १०० कॅलरी उष्णता व तीन-चार ग्रॅम प्रथिन मिळते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत याच्या दुपटीच्या आसपास कॅलरी असतात. शहरातील ज्या गृहस्थास बसून काम करावयाचे आहे, वजन व रक्तदाब वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याला हा कमीपणाच हवा असतो. रात्रीच्या जेवणाआधी वाडगाभर सार प्यायले की दोन घास आपोआप कमी जातात. परंतु दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला ‘हलके अन्न आरोग्याला चांगले’ असे सांगणे म्हणजे तिची भूक मारण्याचा उपदेश आहे. तिने सार अवश्य घ्यावे, पण भाकरी व उसळ यांच्या जोडीला घ्यावे, बदल्यात नव्हे.

बालकांच्या बाबतीत ही चूक अधिक महाग पडते. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यापासून पोषणाचे पाठ घरोघर नेणाऱ्या अंगणवाडी सेविकांना हे ठाऊक आहे की सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न द्यावे लागते, आणि ते दाट असावे लागते. बाळाचे पोट लहान असते. पातळ साराने ते लवकर भरते, बाळ रडत नाही, आईला वाटते की मूल जेवले. प्रत्यक्षात अंगी फारसे काही लागलेले नसते. भाजीचे सूप पौष्टिक असते हे ऐकून तेच बाटलीत भरून पाजण्याची रीत पडू लागली, तर आपल्या प्रचारानेच मूल उपाशी राहील. बाळासाठी त्याच पातेल्यातील फोडी व डाळ पाणी न वाढविता, मीठ घालण्यापूर्वी काढून घ्याव्यात, मऊ भात व चमचाभर तूप घालून कुस्कराव्यात आणि वाटी-चमच्याने भरवाव्यात. चमचा वाकडा केला तरी न सांडेल इतपत घट्ट असले म्हणजे ते योग्य झाले. अंगणवाडीत पाककृती दाखविताना एकाच भोपळ्यापासून आजोबांसाठी पातळ सार आणि नातवासाठी घट्ट गुरगुट्या भात, असे दोन्ही शेजारी ठेवून दाखविले तर भाषणापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

आजाऱ्याला, तोंडाला चव नसलेल्या वृद्धाला, दात गेलेल्याला हे सार चांगले. मूत्रपिंडाच्या विकाराने ज्यांच्या खाण्यापिण्यावर डॉक्टरांनी बंधने घातली आहेत त्यांनी ते विचारून घ्यावे. मिठाचा हात सर्वांनीच आवरावा. दिवसाकाठी प्रौढ माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि आपल्या ताटातील लोणचे, पापड व चटणी यांनीच त्यातील मोठा वाटा उचललेला असतो.

आता दुधीविषयी. पुष्कळ जण तांबड्या भोपळ्याऐवजी दुधीचे सार करतात. तेही रुचकर लागते, फक्त त्यात तो केशरी रंग व त्याबरोबरचा गुण नसतो. मात्र दुधी चिरल्यावर एक लहान तुकडा जिभेला लावून पाहिल्याशिवाय तो पातेल्यात टाकू नये. कडू लागला तर थुंकून तोंड धुवावे आणि सबंध फळ टाकून द्यावे. कडू दुधीतील विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. साखर, मसाला किंवा लिंबू घालून चव झाकली तरी विष तेथेच असते. कडू दुधीचा रस प्याल्याने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला व तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषावर खास असा उतारा नाही. कडू दुधी पोटात गेल्यावर उलटी, जुलाब, पोटात कळ किंवा उलटीत रक्त दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हीच परीक्षा तांबडा भोपळा, काकडी व दोडका यांनाही लावावी. त्यांच्यात कडवटपणा क्वचित येतो, पण येतो.

हा कडवटपणा शेतकऱ्याच्या हातून कसा वाढतो हेही सांगितले पाहिजे. कडक उन्हाळा व पाण्याची ओढ पडलेल्या वेलावर कडू फळे येण्याचा संभव असतो; पाणी नियमित द्यावे. दुसरे कारण बियाण्याचे. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरजेस जाणारे भोपळे पंढरपूरच्या बाजूस पिकतात. तो भोपळा दुधीचाच जातभाई. असा किंवा रानटी कडू भोपळा जवळपास असला व मधमाश्यांनी त्याचा पराग आपल्या दुधीवर आणला, तर त्या हंगामातील फळ गोडच राहते, पण त्याच्या बियांतून पुढील वर्षी कडू वेल उगवू शकतो. म्हणून घरचे बी धरणाऱ्याने अशा शेजारापासून सावध असावे. कुंपणावर आपोआप उगवलेल्या वेलाचे फळ तर चाखल्याशिवाय खाऊच नये.

लागवडीविषयी येथे थोडेच सांगतो, कारण ते इतरत्र पुष्कळ आले आहे. परसबागेत जून-जुलैत दोन आळी तांबड्या भोपळ्याची व एक दुधीचे, एवढे एका कुटुंबाला पुरे. न्हाणीचे पाणी आळ्याकडे वळविण्यास हरकत नाही, मात्र कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी वेगळे काढावे. नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ आधीच दिसते. फळे धरत नसतील तर तांबड्या भोपळ्याचे नर फूल सकाळी लवकर तोडून मादी फुलास लावावे. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना हे काम तेव्हा करावे. फळमाशीसाठी गंध-सापळा लावावा आणि सडकी फळे वेलाखाली पडू न देता खोल पुरावीत.

तांबडा भोपळा काढताना घाई करू नये. साल नखाने ओरखडत नाही व देठ वाळू लागला आहे असे दिसल्यावर बोटभर देठ राखून तो कापावा. देठ मोडलेले किंवा आपटलेले फळ आधी शिजवावे. बाकीची कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीचा ओलावा लागणार नाही अशी फळीवर, एकमेकांस न टेकता ठेवावीत. चांगले पिकलेले फळ असे दोन-तीन महिने सहज टिकते. चिरलेला भोपळा मात्र दोन दिवसांत संपवावा, आणि सारासाठी काढलेल्या बिया धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर भाजून मुलांच्या हाती द्याव्यात. त्यांत प्रथिन व तेल दोन्ही आहे आणि त्या सोलून खाण्यात दुपार बरी जाते.