वाघाचा बोर्ड आणि आपला फॉन्ट

चंद्रपूर-गडचिरोलीत एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जातात. वाटेत बोर्ड असतो: वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नका.

आणि तो बोर्ड करताना आपण नवखे डिझायनर काय करतो? अक्षरं आडवी ताणतो, सावली देतो, मागे वाघाचा फोटो चिकटवतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. देवनागरीत मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. दोघांनाही जागा लागते, ती द्या. ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फुकट मिळतो, बारीक ते जाड सात वजनांत. एकच फॉन्ट, मोठा, मोकळा. बस्स.

हौस लग्नपत्रिकेत भागवा. इथे न वाचली गेलेली ओळ जिवावर बेतते.